पिकअपसाठी सात इंची रिव्हर्स मॉनिटर: ‘मिरर’ची सोय बघूनच घेतला

भाच्याच्या बोलेरो पिकअपसाठी हा सात इंची मॉनिटर आणि त्याच्यासोबतचा कॅमेरा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतला. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, आतला माहितीचा कागद निम्मा चिनीत. मॉनिटर, कॅमेरा, लांब केबल असं सगळं साडेतीन हजारांच्या आत आलं. तरीही मी हा घ्या असं सांगतोय, ते मेनूतल्या ‘मिरर’ या एका पर्यायामुळे. चित्राची डावी-उजवी बाजू इथे पालटता येते, आणि तीही दोन्ही इनपुटना, म्हणजे कॅमेरा जोडायच्या दोन्ही जागांना, वेगवेगळी.

ही सोय कशाला हवी, ते दुकानात सहसा कुणी समजावून सांगत नाही. कॅमेऱ्याचं तोंड मागे आणि ड्रायव्हरचं पुढे. त्यामुळे साध्या कॅमेऱ्यात गाडीच्या डाव्या अंगाला उभा असलेला माणूस पडद्यावर उजवीकडे दिसतो. आरशात मात्र डावीकडचा माणूस डावीकडेच दिसतो, आणि ड्रायव्हरचे हात आरशाच्याच सवयीने चालतात. मार्केट यार्डात गाळ्याला गाडी लावताना मागून हमाल पाठीवर पोतं घेऊन जात असतात. पडद्यावर माणूस उजवीकडे दिसतोय म्हणून गाडी डावीकडे दाबली, तर ती नेमकी त्याच्याच अंगावर जाणार. एवढ्या गंभीर गोष्टीकडे रिव्हर्स कॅमेरा विकणाऱ्यांनी आणि बसवणाऱ्यांनी लक्ष द्यायलाच हवं.

तपासायला सोपं आहे. मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट पडद्यावर उलटी दिसली पाहिजे. सरळ वाचता आली, तर रिव्हर्ससाठी ते चित्र चुकीचं. भाच्याला हे पटायला वेळ लागला. उलटी अक्षरं दिसली की काहीतरी बिघडलंय असंच त्याला वाटायचं.

त्याच्या गाडीतलं आधीचं किट याच कारणाने वाया गेलं. कॅमेरा सरळ चित्राचा आणि मॉनिटरमध्ये बदलायची सोय नाही, त्यामुळे तो मॉनिटर बंद ठेवून आरशावरच गाडी मागे घ्यायचा. रिव्हर्ससाठीचे बहुतेक कॅमेरे कारखान्यातूनच मिरर होऊन येतात. काहींच्या वायरीला छोटे लूप असतात. एक कापला की चित्र सरळ होतं, दुसरा कापला की अंतराच्या अंदाजासाठी पडद्यावर दिसणाऱ्या पार्किंगच्या रेघा जातात. कुठल्या रंगाचा लूप कशासाठी, हे बनावटीप्रमाणे बदलतं, म्हणून कागद पाहिल्याशिवाय कटर लावू नका. स्वस्त कॅमेऱ्यांना लूप असतोच असं नाही. शिवाय एकदा कॅमेरा मागे पक्का बसला की त्याची वायर पुन्हा बाहेर काढणं फार कटकटीचं. हीच गोष्ट मॉनिटरमधून होत असेल, तर सीटवर बसूनच काम होतं.

मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्तीत काढली, त्यामुळे हे आत कसं घडतं ते सांगायला मला आवडतं. पिवळ्या पिनेतून येतो तो ॲनालॉग कंपोझिट सिग्नल, म्हणजे सगळं चित्र एकाच वायरीतून. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं आणि एका चित्राच्या 625 रेषा. एक रेषा 64 मायक्रोसेकंदांची, त्यातलं प्रत्यक्ष चित्र साधारण 52 मायक्रोसेकंद. प्रत्येक रेषेत डावीकडचं आधी येतं, उजवीकडचं नंतर. पडद्याने तीच रेषा उजव्या काठापासून भरायला घेतली की चित्र पालटलं! जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये त्यासाठी योकच्या (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या कॉइलच्या जुडग्याच्या) हॉरिझॉन्टल कॉइलची दोन टोकं अदलाबदल करावी लागत. चुंबकीय क्षेत्र उलटलं की इलेक्ट्रॉनचा झोत उलट्या दिशेने धावतो. कॅमेऱ्यासमोर वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या टेलिप्रॉम्प्टरच्या जुन्या मॉनिटरमध्ये हीच युक्ती वापरत, कारण समोरच्या तिरक्या काचेत प्रतिबिंब पडलं की अक्षरं पुन्हा सुलटी होत. जुना टीव्ही उघडून हे करायला मात्र जाऊ नका, आत हजारो व्होल्ट असतात. आताच्या अनेक छोट्या एलसीडी पॅनेलना रेषा कुठल्या बाजूने भरायची हे ठरवणारी वेगळी पिनच असते. त्यासाठी अख्खं चित्र साठवून ठेवावं लागत नाही. या मॉनिटरसमोर भाच्याला बसवलं, मागे जाऊन हात हलवला. मिरर चालू असो वा बंद, पडद्यावर उशीर जाणवला नाही.

दोन इनपुटना वेगळी सेटिंग ठेवता येते, ते फार कामाचं आहे. पुढे बंपरवर दुसरा कॅमेरा लावला तर त्याचं चित्र सरळच हवं, नाहीतर तिथेही डावं-उजवं फसतं. बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली तरी दोन्ही सेटिंग जशीच्या तशी राहिली. कॅमेरा आधीच मिरर असेल आणि मॉनिटरवरही मिरर चालू केलं, तर दोन्ही मिळून चित्र पुन्हा सरळ होतं. म्हणून शेवटी नंबर प्लेट बघूनच ठरवा. कॅमेऱ्याने काढलेल्या पार्किंगच्या रेघाही चित्राबरोबर पालटतात. आमच्या रेघा स्थिर आणि दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, त्यामुळे फरक पडत नाही. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या रेघा असतील तर त्या योग्य दिशेला वळतात का, ते बघून घ्या.

उणिवाही आहेत. दुपारच्या उन्हात पडदा फिका पडतो, वर छोटं छप्पर लावावंच लागलं. चिकटवायचं स्टँड उन्हाळ्यात सुटलं, आता स्क्रूने बसवलंय. रात्री मागचा दिवा मंद असेल तर चित्रात दाणे येतात. लेन्स फार रुंद असल्यामुळे मागची भिंत आहे त्यापेक्षा लांब वाटते. त्यासाठी भाच्याने गाळ्यासमोर फुटाफुटावर खडूने खुणा करून रेघांचा अंदाज बसवून घेतला, आणि हे प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावं असं मला मनापासून वाटतं.

ट्रकवर लावणार असाल तर एक बघा: हा मॉनिटर 12 ते 24 व्होल्टवर चालतो, सोबतचा कॅमेरा मात्र फक्त 12 व्होल्टचा आहे. 24 व्होल्टच्या गाडीत कॅमेऱ्याची लाल वायर थेट रिव्हर्सच्या दिव्याला जोडू नका, मध्ये 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घाला.