हॅलोवीनची स्वस्त सजावट: दोन हंगामांनंतर काय टिकले आणि काय फेकावे लागले

न्यू जर्सीतील आमच्या घरासमोर जेमतेम आठ फूट रुंदीचा, तीन पायऱ्यांचा पोर्च आहे. तो हॅलोवीनसाठी आम्ही पहिल्यांदा सजवला तो २०२४ मध्ये. त्या वर्षी पंचांगानुसार नरक चतुर्दशीही ३१ ऑक्टोबरलाच आली होती, त्यामुळे एका खांबाला आकाशकंदील आणि दुसऱ्या खांबाशेजारी भूत अशी वाटणी करावी लागली. पहिल्या वर्षी सुमारे ६० डॉलर खर्च झाले. दुसऱ्या वर्षी बहुतेक जुनेच सामान बाहेर काढल्यामुळे १६ डॉलरमध्ये भागले. आता हिवाळा सरत आला असताना गॅरेजमधील खोकी आवरताना जे हाती लागले, त्यावरून हा अनुभव लिहीत आहे.

सर्वांत जास्त चुका भोपळ्यांबाबत झाल्या. उत्साहाच्या भरात आम्ही १९ ऑक्टोबरलाच दोन मोठे भोपळे कोरले. दुपारी ऊन आणि रात्री दव अशा हवेत आठवडाभरात त्यांना आतून बुरशी धरली, कोरलेले तोंड आत ओढले गेले आणि हॅलोवीनच्या आधीच ते उचलून कंपोस्टमध्ये टाकावे लागले. न कोरलेला तिसरा भोपळा मात्र नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत जसाच्या तसा राहिला. म्हणून आता आम्ही सप्टेंबरच्या शेवटी भोपळे आणतो, पण सुरी लावतो ती २९ ऑक्टोबरनंतरच. देठाकडून झाकण कापण्याऐवजी भोपळ्याचे बूड कापणे सोयीचे ठरले, कारण झाकण सुकून आत पडत नाही आणि दिवा जमिनीवर ठेवून त्यावर भोपळा नुसता पालथा घालता येतो. आयर्लंडमध्ये मुळात यासाठी सलगम कोरत असत आणि तेथील लोकांनी अमेरिकेत आल्यावर भोपळा हाती घेतला, असा त्याचा इतिहास आहे. सलगम कोरणाऱ्यांच्या मनगटांचे मला कौतुक वाटते. खारींनी एक भोपळा कुरतडला, तेव्हा दुसऱ्याला तिखट चोळून पाहिले. पुढचा पाऊस येईपर्यंत त्याचा उपयोग झाला. कोरण्यासाठी मिळणाऱ्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धागेदार असतो, त्याचे घारगे आम्हाला साधले नाहीत. घारग्यांसाठी ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाकरिता विकला जाणारा लहान भोपळा वेगळा आणावा. बिया मात्र कोणत्याही भोपळ्याच्या चालतात. मीठ आणि तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या की पोर्चवर पोचण्याआधीच संपतात.

पैशाच्या मानाने सर्वांत समाधान दिले ते भुतांनी. टोमॅटोच्या रोपाला आधार देण्यासाठी तारेचा जो शंकूसारखा सांगाडा मिळतो, तो उलटा ठेवायचा, वर आलेली टोके एकत्र बांधायची, आत दिवाळीची एलईडी माळ गुंडाळायची आणि वरून जुनी पांढरी चादर टाकायची. दिवसा ते वाळत घातलेल्या धुण्यासारखे दिसते, हे मान्य करायला हवे, पण अंधार पडल्यावर त्याच्याइतके उठून दिसणारे दुसरे काहीही आमच्याकडे नव्हते. माळ एलईडीचीच आणि बाहेर वापरण्याजोगी असावी, कारण जुने तापणारे दिवे कापडाला चिकटलेले बरे नव्हेत. सांगाडा जमिनीत खुंटीने पक्का करावा. पहिल्या वर्षी एका वादळी रात्रीनंतर आमचे भूत शेजाऱ्यांच्या अंगणात आडवे सापडले होते. उन्हाळ्यात हेच सांगाडे टोमॅटोकडे परत जातात, त्यामुळे त्यांचा खर्च मी सजावटीत धरतच नाही.

छोटी भुते चक्का बांधण्याच्या पातळ कापडाची केली. कॉर्नस्टार्चच्या खळीत कापड बुडवून, बाटलीवर फुगा ठेवून त्यावर ते वाळवले की फुगा काढल्यावरही ते आपले आपण उभे राहते. मात्र खळ पावसात विरघळते. पोर्चच्या कडेला ठेवलेली दोन भुते एका सरीत लोळागोळा झाली. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या गोंदात तेवढेच पाणी मिसळून केलेली अजून खोक्यात ताठ आहेत, पण तीही आम्ही छताखालीच ठेवली होती.

काळ्या कार्डपेपरची वटवाघळे दवाने चार दिवसांत गुंडाळली गेली. जुन्या प्लॅस्टिक फायलींच्या काळ्या पुठ्ठ्यांतून कापलेली दोन्ही वर्षे टिकली. विटांच्या भिंतीवर कोणतीही टेप नीट धरत नाही आणि दुहेरी टेपने दाराचा रंग उचकटला. आमचे दार पोलादी आहे हे लक्षात आल्यावर पाठीमागे लहान चुंबके चिकटवली आणि तो प्रश्न संपला.

ज्याची शिफारस मी अजिबात करणार नाही, ते म्हणजे पाकिटात मिळणारे कापसासारखे कोळ्याचे जाळे. ताणून अगदी विरळ केले तर ते छान दिसते, हे खरे. पण दोन दिवसांत त्यात पाने अडकतात, मग माश्या, आणि लहान पक्ष्यांचे पायही त्यात गुंतू शकतात. झुडपांवर तर ते कधीच घालू नये. पहिल्या हंगामातील धागे मी दाराजवळच्या झुडपातून अजूनही वेचते आहे. गेल्या वर्षी त्याऐवजी दोन खांबांमध्ये जाड पांढऱ्या लोकरीचे मोठ्या घरांचे जाळे विणले आणि १ नोव्हेंबरला ते गुंडाळून ठेवले.

गवताचा गठ्ठा एकदाच आणला. तो पावसात भिजला, त्याला हिरवे कोंब फुटले आणि खाली उंदीर आला. पुन्हा नाही.

बॅटरीवरच्या छोट्या पणत्या भोपळ्यांतही चालतात आणि वाऱ्यात तेलाची पणती विझू लागली की दिवाळीतही. घेताना बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे पाहावे. बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर ती अन्ननलिका भाजून काढते. यासाठीच अमेरिकेत २०२२ मध्ये ‘रीसेज लॉ’ हा कायदा झाला. आमच्या पहिल्या पाकिटातील पणत्यांना स्क्रू नव्हता, म्हणून त्या लहान मुले येण्याच्या वाटेवर ठेवल्या नाहीत.

येथे पोर्चचा दिवा चालू असणे म्हणजे हॅलोवीनला घरोघरी खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांनी यावे अशी खूण असते, त्यामुळे पायऱ्यांवर आम्ही काहीच ठेवत नाही. सर्वांत वरच्या पायरीच्या बाजूला एक छोटा भोपळा मोरपंखी रंगवून ठेवतो. २०१४ पासून देशभर रूढ होत गेलेल्या प्रथेप्रमाणे त्याचा अर्थ असा की, खाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी येथे गोळ्या-चॉकलेटांखेरीज काही आहे. आमच्या टोपलीत पेन्सिली आणि स्टिकर असतात, आणि गंमत म्हणजे चॉकलेट घेतलेली मुलेही जाताना एकेक पेन्सिल मागतात.