‘पोलिस’वर मत नोंदवा (घाबरू नका)

पहिला निरोप मी असा पाठवला: ‘शाळेसमोरच्या रस्त्याबद्दलचं आपलं मत आजच पोलिसवर नोंदवा.’ दहा मिनिटांत दोन फोन. एका काकांनी विचारलं, तक्रार कुणी केली? दुसऱ्या बाईंना वाटलं, जबाब द्यायला जायचंय. म्हणून इथे आधीच खुलासा करते. पोलिस हे लोकांची मतं ऑनलाइन गोळा करणाऱ्या एका मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) साधनाचं नाव आहे, नगरराज्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं. ते अमेरिकेत सिएटलला तयार झालं आणि आता कॉम्प्युटेशनल डेमॉक्रसी प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते. दुसऱ्या निरोपात मी ‘लिंक उघडा’ एवढंच लिहिलं.

मी रहिवासी मंडळाची सचिव. 11 वर्षं सभांचं इतिवृत्त लिहितेय. सभेला चाळीस माणसं येतात, त्यातली चार बोलतात, दोन ओरडतात आणि मी लिहिते, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.’ शाळेसमोरचा रस्ता सकाळी तासभर वाहनांना बंद करावा का, यावर मात्र तीन सभा होऊनही ते वाक्य लिहिता येईना. मोबाइलवरच्या ग्रुपचं तर विचारूच नका. सकाळी एकाने काही लिहायचं, दुपारी दुसऱ्याने त्याला सुनवायचं आणि संध्याकाळी दोन घरांचं बोलणं बंद.

पोलिसमध्ये लिंक उघडली की एका वेळी एकच वाक्य समोर येतं. सहमत, असहमत किंवा सांगता येत नाही, यातलं एक बटण दाबायचं की पुढचं वाक्य. आपलं काही म्हणणं असेल तर जुन्या ट्वीटएवढ्या जागेत लिहायचं, मग तेही इतरांसमोर मतासाठी जातं. कुणाच्या वाक्याला उत्तर देता येत नाही. मला आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चालू करायचं राहिलंय. बराच वेळ उत्तराचं बटण शोधलं. मग कळलं, ते मुद्दामच ठेवलेलं नाही.

माझ्या मते या साधनाची सगळी किंमत त्या नसलेल्या बटणात आहे. ज्याला समोरच्यावर तुटून पडायचंय त्याला एकतर गुपचूप ‘असहमत’ दाबावं लागतं, नाहीतर स्वतःचं स्वतंत्र वाक्य लिहावं लागतं, आणि त्यावरही लोक मत देणारच. आमच्याकडे हातातला माइक न सोडणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी एकट्याने नऊ वाक्यं टाकली. नऊही वाक्यं मुकाट्याने इतरांच्या वाक्यांच्या रांगेत उभी राहिली. आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘मला रस्ता बंद नको, शाळेच्या दारात गाड्या मागे घेणं बंद हवं.’ कुणी लिहिलं ते मला आजही माहीत नाही, कारण नाव न देता लिहिता येतं. तीन सभांत हा मुद्दा एकानेही काढला नव्हता.

आत चालतं ते गणित मला समजलं तसं सांगते. कुणी कशावर काय दाबलं याचा एक मोठा तक्ता बनतो. ज्यांची बटणं सारखी पडतात ती माणसं चित्रात जवळ येतात आणि त्यातून दोनपासून पाचपर्यंत गट पडतात. निदान सात जणांनी मत दिल्याशिवाय चित्र दिसायला लागत नाही. गट पाडताना यंत्र वाक्यं वाचतच नाही, फक्त मतं मोजतं. त्यामुळे तुम्ही मराठीत लिहा नाहीतर आणखी कशात, गणिताला फरक पडत नाही. शेवटच्या अहवालात दोन गोष्टी पाहाव्यात: गटांना फोडणारी वाक्यं कोणती आणि सगळ्या गटांनी उचलून धरलेली कोणती. माझी खात्री होती की एकीकडे पालक आणि दुसरीकडे दुकानदार अशी फाळणी दिसणार. दिसली भलतीच! नियम केला की लोक पाळतात असं मानणारे एका बाजूला आणि कोण पाळतंय म्हणणारे दुसऱ्या बाजूला. (ही नावं माझी. यंत्र फक्त गट अ, गट ब म्हणतं. त्यांना नाव देताना आपला पूर्वग्रह हळूच आत शिरतो, तेवढं सांभाळा.) गाड्या मागे घेण्याचं वाक्य मात्र दोन्ही गटांना पटलं होतं.

चुका माझ्याही झाल्या. सुरुवातीची काही वाक्यं आपणच घालायची असतात. मी घातलं, ‘रस्ता सकाळी बंद करावा आणि त्यासाठी स्वयंसेवक नेमावेत.’ एका वाक्यात दोन मागण्या. ज्यांना एकच हवी होती ते बिचारे ‘सांगता येत नाही’ दाबून पुढे गेले, आणि मतं पडायला लागल्यावर वाक्य बदलणं म्हणजे मतदारांची फसवणूक. दुसरी चूक जास्त बोचते. मंडळाच्या समितीबद्दलचं एक तिखट वाक्य मी नियंत्रक (आलेली वाक्यं मंजूर-नामंजूर करणारी) म्हणून नामंजूर केलं. भाषा उद्धट होती हे खरं, पण समितीवर मीही आहे. हे काम समितीबाहेरच्या दोघांकडे द्या.

फोन न वापरणाऱ्यांसाठी मी घरी जाऊन वाक्यं वाचून दाखवली. तीन आजींपैकी दोघी म्हणाल्या, ‘तू सांगशील ते दाब.’ ती मतं मी नोंदवली नाहीत.

तैवानचं उदाहरण या साधनाबरोबर नेहमी येतं आणि ते नीट वाचण्यासारखं आहे. 2014 च्या विद्यार्थ्यांच्या सूर्यफूल आंदोलनानंतर तिथे ‘व्हीतैवान’ ही लोकांशी चर्चा करून नियम ठरवण्याची प्रक्रिया उभी राहिली आणि 2015 मध्ये उबरच्या वादात पोलिस वापरलं गेलं. पण तिथे गोष्ट चित्रावर थांबली नाही. टॅक्सीवाले, उबर आणि सरकारी अधिकारी समोरासमोर बसले, ती बैठक थेट प्रक्षेपित झाली, पुढे नियम बदलले. तरीही व्हीतैवानचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतोच. तिथल्याच ‘जॉइन’ या सरकारी मंचावर एखाद्या मागणीला निदान 5000 सह्या मिळाल्या की संबंधित खात्याला उत्तर द्यावं लागतं. मागणी मान्य करायची सक्ती नाही, पण गप्प बसता येत नाही.

दर कामाला पोलिस नको, हेही सांगते. खड्डा हवा की नको यावर मत घ्यायचं नसतं. तिथे ब्रिटनमधल्या मायसोसायटी या संस्थेचं 2007 पासूनचं ‘फिक्समायस्ट्रीट’ बरं: नकाशावर खूण करा, तक्रार संबंधित कार्यालयाकडे जाते आणि सगळ्यांना दिसत राहते. प्रस्ताव, अंदाजपत्रक, बैठका, पाठपुरावा असं सगळं एका छपराखाली हवं असेल तर बार्सिलोनातून आलेलं ‘डेसिदिम’ आहे. कॅटलान भाषेत त्याचा अर्थ ‘आपण ठरवतो’. आमच्या मंडळाने ते घेणं म्हणजे घागरभर पाण्यासाठी धरण बांधणं. वाद अडलाय आणि नेमका कुठे अडलाय तेच कळत नाही, एवढ्यापुरतं पोलिस घ्या.

अहवाल छापून आम्ही रस्त्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात गेलो. साहेबांनी रंगीत चित्र उलटसुलट पाहिलं, गट अ आणि गट ब समजून घेतले, आणि विचारलं, ‘छान आहे. पण यावर सह्या कुठेत?’

सह्या नव्हत्याच. नाव नव्हतं म्हणून तर लोक मोकळे झाले होते. तेव्हा आता गाड्या मागे घेण्याचं ते एकच वाक्य कागदावर वर टाइप करून आम्ही दारोदार फिरतोय. दोन पानं भरली आहेत. पहिली सही माइक न सोडणाऱ्या गृहस्थांची आहे, आणि सही करताना ते अर्धा तास बोलले.