भूमिका बाहेरून बांधावी की आतून?

आज पैलवान, उद्या शिक्षक. दोन्हीत नट खरा वाटायला सुरुवात बोली-चालीपासून करावी की पात्राच्या मनापासून?

बाहेरून गेलं की पकड लवकर येते, रिटेकलाही टिकते. पैलवानाचे हात दंड-पाठीच्या भरावामुळं अंगापासून सुटे राहतात. नट मुद्दाम छाती काढतो आणि फसतो. कोल्हापुरातली बाई सहज ‘मी आलो’ म्हणते. नटीनं वाक्यात नुसतं कोल्हापुरी संबोधनाचं ‘गा’ पेरलं आणि ‘मी आले’ म्हणाली, की इथला प्रेक्षक लगेच ओळखतो.

पण क्लोजअपमध्ये चाल दिसतच नाही. तिथं आतली तयारी लागते: समोरच्याकडून काय हवंय, काय लपवायचंय. मात्र सीन उलटसुलट क्रमानं शूट होतात, टेक वाढले की भावना आटते.

आमच्या मते बोली आधी, शूटिंगच्या महिनाभर अगोदर. नाहीतर सेटवर सगळं लक्ष उच्चारातच अडकतं.