साडेसात मिलिमीटरचा ढाळ: नव्या खुल्या रंगमंचाचा दहा महिन्यांचा अनुभव

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या उद्यानातील खुला रंगमंच नूतनीकरणानंतर गेल्या दिवाळीत सुरू झाला, आणि दिवाळी पहाटेच्या पहिल्या मैफलीपासून आजवर मी तेथे वीसेक कार्यक्रम ऐकले आहेत. तरीही हे लिहायला बसले आहे ते जूनमधल्या एका संध्याकाळमुळे. पाऊस थांबून दोन तास झाले होते, मावळत्या उजेडात काळ्या दगडावर साचलेले पाणी दिसले नाही, आणि सासूबाई दुसऱ्या ओळीत बसताच त्यांचे लुगडे मागून चिंब भिजले. पहिलेच गाणे चालू असताना आम्हांला घरी परतावे लागले.

जुन्या सिमेंटच्या पायऱ्यांच्या जागी आता प्रत्येक ओळीत दगडी बैठक आहे आणि तिच्या मागे, वरच्या ओळीतल्यांचे पाय टेकतात तेथे, हिरवळीची पट्टी आहे. वरच्या ओळींत बैठकीचा ढाळ मागे हिरवळीकडे दिलेला पाहून मला ती उघड चूक वाटली आणि मी कचेरीत तशी लेखी तक्रारही केली. ती मी आता मागे घेतली आहे. ढाळ पुढे दिला असता तर पाणी ओळीओळीने खाली उतरून तळाशी बसणाऱ्यांच्या वाट्याला सगळ्या उताराचे पाणी आले असते. मागे दिल्यामुळे ज्या ओळीचे पाणी त्याच ओळीच्या मातीत मुरते आणि उरलेले खालच्या सच्छिद्र नळीतून वाहून जाते.

खरा दोष खालच्या चार ओळींत होता. मी घरून पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, नेऊन प्रत्येक ओळ तपासली. बैठक 45 सेंटिमीटर रुंद आहे. साठास एक या प्रमाणात ढाळ दिला तरी मागची कड जेमतेम साडेसात मिलिमीटर खाली जाते, आणि बसणाऱ्याला ते कळतही नाही. पाचव्या ओळीपासून वर हे नेमके साधले आहे. खालच्या चार ओळींत मात्र पाणसळीचा बुडबुडा ठाम मध्यभागी थांबला, म्हणजे ढाळ मुळीच नव्हता. दुरुस्तीसाठी आलेल्या मुकादमांनी मला सांगितले, "बाई, दगड लेव्हलमध्येच बसवायचा असतो." मोरीची फरशी बसवणारा कोणताही गवंडी असे म्हणणार नाही. ज्या ओळी वयस्कर माणसे चढ टाळण्यासाठी निवडतात, नेमक्या त्याच ओळींत ही हयगय व्हावी, याचा मला अजूनही राग आहे. हे काम आपल्या करातून झाले आहे आणि योग्य ढाळ द्यायला दगड जास्त लागत नाही.

रंगमंचासमोरच्या खोलगट हिरवळीबाबतही माझे मत बदलले. जुलैच्या जोरदार पावसात तिचे तळे झाले, तेव्हा डासांच्या भीतीने मी पुन्हा पत्र लिहायला घेतले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे पाणी नव्हते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि इथले पाणी एका रात्रीत ओसरते. पावसाचा पहिला लोंढा या खळग्याने पोटात घ्यावा अशीच ती योजना आहे, आणि त्यामुळे शेजारच्या पायवाटेवर या वर्षी पाणी चढले नाही.

सर्वांत मोठे समाधान रस्त्याच्या बाजूला रचलेल्या मातीच्या उंचवट्याचे. झाडांच्या एखाद्या रांगेने वाहनांचा आवाज फारसा अडत नाही. कानाची आणि रस्त्याची सरळ रेषा तोडणारी भरीव माती तो अडवते. पूर्वी अवजड वाहनांच्या घरघरीत तानपुरा ऐकूच येत नसे. आता मधल्या ओळींत तो स्पष्ट ऐकू येतो, आणि समोर येऊरचे डोंगर दिसतात ते वेगळेच. करंज आणि सप्तपर्णीची रोपे अजून लहान आहेत. एप्रिलमध्ये सायंकाळी सातपर्यंत दगड इतका तापलेला असे की त्यावर सतरंजी घालूनच बसावे लागे.

तिसऱ्या पत्रानंतर पहिल्या दोन ओळींचे दगड उचलून नीट ढाळात बसवले गेले. काल मी त्यांवर तांब्याभर पाणी ओतून पाहिले, ते लगेच मागे हिरवळीत गेले. तिसरी आणि चौथी ओळ अजून तशीच आहे. तेथे बसणार असाल, तर आधी दगडावरून हात फिरवून पाहा.