खांद्याचं ऑपरेशन आणि रबरी पट्ट्यांचे आठ महिने

वीस-बावीस वर्षं बेंच प्रेस मारली, म्हणजे बाकावर पडून वजनाचा बार छातीवरून वर ढकलला, आणि उजव्या खांद्याचा एसी जॉइंट झिजला. म्हणजे कॉलर बोन खांद्याच्या माथ्यावर जिथे टेकतं तो सांधा. उजव्या कुशीवर झोपणं तर बंदच झालं होतं. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन करून कॉलर बोनचं साधारण 1 सेंटिमीटर टोक काढलं.

सहाव्या आठवड्यात फिजिओताईंनी पिवळा पट्टा हातात दिला. अगदी हलका. एके काळी नव्वद किलो उचलणाऱ्या माणसाला तो ओढताना घाम फुटला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दाराच्या कडीला पट्टा, कोपर बरगडीला आणि मध्ये गुंडाळलेला नॅपकिन. हात बाहेर फिरवताना नॅपकिन पडला की समजायचं, खांदा चोरतोय. "काका, वजन नको, नॅपकिन सांभाळा," त्या रोज म्हणायच्या.

डंबेल पहिल्या क्षणापासून जड असतं. पट्टा मात्र सुरुवातीला हलका असतो, ताणेल तसा जड होतो. दुखऱ्या सांध्याला ही चाल मानवते. पण भार नेमका किती, ते कळत नाही. मी फरश्या मोजल्या: दारापासून तिसरीवर उभं राहून पंधरा वेळा न दुखता जमलं की चौथीवर, मग पुढचा रंग. पिवळ्यावरून लाल, मग हिरवा. निळ्यापर्यंत यायला पाच महिने लागले.

तक्रार एकच, पण गंभीर. हिरवा पट्टा गाठीजवळ तुटला आणि सपकन मनगटावर बसला. उन्हाळाभर गॅलरीत टांगून ठेवला होता, उन्हाने लॅटेक्स कडक होतं. आता कपाटात ठेवतो, दर रविवारी ताणून बारीक चिरा बघतो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचाच घ्या.

बेंचआधी जमिनीवर पडून डंबेल प्रेस केली, तळवे समोरासमोर. कोपर फरशीला टेकतं, त्यामुळे खांदा मागे ताणला जात नाही. आता बेंचवर पकड जरा जवळ घेऊन चाळीस किलो सलग आठ वेळा होतं. डिप्स (दोन दांड्यांवर हातांनी शरीर खाली-वर करणं) आणि मानेमागची प्रेस (बार मानेमागून डोक्यावर ढकलणं) कायमची सोडली. खांद्याच्या मुख्य सांध्यातही थोडी झीज आहेच, थंडीत सकाळी तो आखडतो. त्या दिवशी आधी गरम पाण्याची पिशवी, मग पिवळा पट्टा, आणि मगच बार.

गेल्या महिन्यापासून उजव्या कुशीवर झोपतोय.