ब्रेस्ट रिडक्शन करायचंय, पण साइज कोणता ठेवायचा?

गेल्या आठवड्यात माझी भाची साताऱ्याहून सांगलीला आली. वय २३. चहा व्हायच्या आतच तिने विचारलं, "आत्या, डॉक्टरांनी साइज कोणता हवा विचारलं आणि मी पटकन 'बी कप' म्हणून मोकळी झाले. चुकलं का?"

ती माझ्याकडे आली, कारण ४ वर्षांपूर्वी मी स्तन लहान करण्याचं हेच ऑपरेशन मिरजेत करून घेतलं. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ, मान सतत आखडलेली, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्तनांखालच्या घडीत घामोळं आणि चिघळलेली कातडी. हे ज्यांनी भोगलंय, त्यांना ऑपरेशन का करायचं हे समजवावं लागत नाही. घोडं अडतं ते 'किती' या प्रश्नाशी.

आधी त्या 'बी'चं बघू. कप म्हणजे ठरलेलं माप नव्हे. छातीखालचा घेर आणि स्तनांवरचा घेर यांतल्या फरकावरून ते अक्षर ठरतं. म्हणून ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींत साधारण सारखाच ऐवज मावतो. त्यात कंपनीगणिक फरक. त्यामुळे कोणताही प्रामाणिक सर्जन अक्षराची हमी देत नाही. तो ग्रॅममध्ये विचार करतो: या बाजूने इतकं काढायचं, त्या बाजूने इतकं. माझ्या उजव्या बाजूने ५४० ग्रॅम निघालं, डाव्या बाजूने ६१०. दोन्ही बाजू मुळातच थोड्या वेगळ्या असतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अक्षरापेक्षा मला ब्लाउज जास्त खरा वाटतो. भाचीचे ब्लाउज मी पलंगावर पसरले. आमच्या शिंपीणबाईंनी खांदा, पाठ आणि बाही ३४च्या मापाने बेतली होती, आणि पुढे मात्र मोठे टक घेऊन जवळजवळ ४०चं माप बसवलं होतं. म्हणजे तिचा बांधा ३४चा. हा ब्लाउज घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सांग, "पाठीला बसतो तसा पुढूनही बसायला हवा." यातून त्यांना 'बी'पेक्षा कितीतरी जास्त कळेल.

आता पर्याय. पहिला, थोडंच कमी करायचं, साधारण एखाद्या कपाएवढं. घाबरलेल्या बायका, किंवा ज्यांच्या घरी "देवाने दिलंय ते कशाला कापायचं" असं चाललेलं असतं त्या, इथे थांबतात. रूप फारसं बदलत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ऑपरेशन तेच, भूल तीच, बरं होण्याचे आठवडेही जवळपास तेवढेच, आणि मानेवरचा भार मात्र राहण्याची शक्यता. ज्यांचा त्रास मुळात बेताचा आहे, त्यांनाच हा पर्याय मी सुचवेन.

दुसरा, पार लहान. भाचीला मनातून हेच हवंय. सातवीपासून ओढणी सारखी करत चालणाऱ्या मुलीला ते वाटणारच, तिला मी वेडी म्हणणार नाही. पण इथे शरीराच्या काही मर्यादा आहेत. स्तनाग्र सहसा कापून वेगळं करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसांसकट आतल्या उतींच्या एका पट्ट्यावर ठेवूनच वर सरकवतात. त्या पट्ट्यालाही आकारमान असतं. तो फार बारीक केला तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. स्तन फारच मोठे आणि ओघळलेले असतील तर कधी स्तनाग्र पूर्ण काढून नव्या जागी कलमासारखं बसवावं लागतं. मग स्तनपानावर पाणी सोडावं लागतं आणि तिथली संवेदनाही बहुतेक जाते. दुसरं म्हणजे, छातीच्या पिंजऱ्याची रुंदी ऑपरेशनने बदलत नाही. रुंद छातीवर अगदी थोडा ऐवज ठेवला की तो पसरट दिसतो, आणि पोट एकदम डोळ्यांत भरायला लागतं. हे सगळं नीट समजून घेऊनही एखादीला सपाटच हवं असेल, तर तो तिचा हक्क आहे. मात्र "लहान करा" एवढंच म्हणू नये, "पसरट दिसलं तरी चालेल" हे सर्जनला स्पष्ट सांगावं.

तिसरा, बांध्याला साजेसा. मी हा निवडला आणि माझा कौल यालाच. खांदे, कंबर, उंची बघून मधला साइज. पाठीचा भार उतरतो, घडी कोरडी राहते, साडी-ड्रेस दोन्ही नीट बसतात. एक मात्र खरं, महिनाभर सूज असते आणि "एवढंच कमी केलं?" म्हणून रडू येतं. मलाही आलं. आकार स्थिरावायला ६ महिने ते वर्ष लागतं, तोवर नव्या महागड्या ब्रा घेऊ नका.

व्रणांचा विचार साइज ठरवताना फार करू नका. किती कातडी काढावी लागते यावर ते ठरतात. बहुतेकींना स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीत आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा व्रण येतो. वर्ष-दीड वर्षात तो फिका होतो. मात्र आधीच्या जखमांवर जाड, उंच व्रण उठले असतील तर ते पहिल्या भेटीतच सांगा.

भाचीच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतंय आणि तिला १० किलो वजनही उतरवायचंय. स्तनांत चरबी असतेच, त्यामुळे वजन उतरलं की तेही उतरतात. गरोदरपणात पुन्हा फुगतात. आज ठरवलेला 'साजेसा' साइज तेव्हा साजेसा राहीलच असं नाही. स्तनपान बऱ्याच जणींना जमतं, पण पूर्ण दूध येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मुलाचा विचार एक-दोन वर्षांत असेल तर थांबणं बरं. पण त्रासाने झोप उडाली असेल, तर केवळ लग्नासाठी ५ वर्षं कळ काढत बसावं असंही मला वाटत नाही. वजन मात्र आधी उतरवावं आणि ६ महिने तिथेच टिकू द्यावं.

आणि मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. आपल्याकडे बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, स्तनाग्र काळं पडू शकतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे ती पूर्ण बंद हवी. जितकं जास्त काढायचं, तितका हा धोका मोठा.

शनिवारी आम्ही दोघी मिरजेला जाणार आहोत. तिथले डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. आहेत, म्हणजे त्याच विषयातली खास पदवी घेतलेले, हे मी आधीच बघून ठेवलंय. भाचीने पिशवीत ३४च्या पाठीचा तो ब्लाउज घेतलाय आणि मोबाइलमध्ये तिच्याच बांध्याच्या बायकांचे काही फोटो, आवडलेले आणि नको असलेलेही. वहीत पहिला प्रश्न तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय: "स्तनाग्र सुरक्षित ठेवून माझ्या अंगावरून जास्तीत जास्त किती ग्रॅम काढता येईल, आणि तुम्ही तिथवर जाल का?"