भाकरी, इंजेक्शन की ऑपरेशन? अमळनेरच्या एका मेडिकलच्या काउंटरवरून

"भाऊ, हे वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करू का एकदाचं ऑपरेशन करून मोकळा होऊ? तू सांग." हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला जितक्या जणांनी विचारला, तितक्यांनी आधीच्या वीस वर्षांत विचारला नव्हता. तेव्हा लोक वजन उतरवायच्या पावडरचे डबे मागायचे आणि मी विकायचो. तिसरा डबा न्यायला कोणी आलं नाही, यावरून काय ते समजा.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. चिठ्ठी लिहिणारा वेगळा, निर्णय तुमचा. पण वाचलेलं आणि काउंटरवरून दिसलेलं शेजारी शेजारी ठेवून दाखवू शकतो. त्यासाठी एकाच घरातली दोन माणसं घेतो. आडत दुकानवाले दादा, वय 48, उंची 5 फूट 7 इंच, वजन 104 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 36, इन्सुलिन चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) नऊच्या वर, आणि रात्रीचं घोरणं शेजारच्या घरापर्यंत. वहिनी शाळेत शिक्षिका, वय 41, उंची 5 फूट 1 इंच, वजन 78, बीएमआय साडेबत्तीसच्या आसपास. साखर नाही, पण गुडघे बोलायला लागलेत. स्वयंपाकघर एकच, तरी दोघांचं उत्तर एक निघालं नाही.

आधी हा दोष कोणाचा ते बघू

आपल्याकडे पुरुष सुटला की कौतुकाने म्हणतात, "खाता-पेता घरना शे." सासरहून आलेली मुलगी भरली की "तब्येत सुधारली". तीच मुलगी आणखी दहा किलो वाढली की तीच माणसं तिला जिभेवर ताबा नाही म्हणून ऐकवतात. दादांना कोणी टोकत नाही, वहिनींना मात्र हळदीकुंकवालाही सल्ले मिळतात. आजार मोठा दादांचा आहे, पण लाज वाहायची वहिनींनी.

संशोधन यातल्या "ताबा नाही"ची बाजू फारशी घेत नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास 1986 साली आला. मोठेपणी त्यांचा बांधा जन्मदात्या आईबापांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी नाही. 1994 मध्ये लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशीच मेंदूला साठ्याची खबर देतात आणि साठा घटला की मेंदू भूक वाढवतो, हे त्यातून कळलं. अमेरिकेतल्या टीव्ही स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं. 2016 च्या त्या अभ्यासात त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. उतरलेलं बरंचसं वजन तोवर परत आलं होतं. शरीर गेलेली चरबी विसरत नाही, उधारीसारखी वहीत मांडून ठेवतं.

मग आजोबा का नव्हते जाड? जनुकं तीच होती, पण घरात दादर ज्वारीची भाकरी होती आणि शेतापर्यंत पायी जाणं होतं. 2019 च्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. कॅलरी, साखर, चरबी, तंतू ताटात सारखे मांडले होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. तयार अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. ज्या अमळनेरात 1945 साली विप्रो वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिली, त्या गावाने तेला-तुपाबद्दल फार सोवळं दाखवू नये म्हणा.

एक गोष्ट मात्र आपल्या भागासाठी वेगळी सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ 30 वर नाही, 25 वर धरतात आणि कंबर पुरुषाची 90, बाईची 80 सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. पोटात असताना उपाशी राहिलेलं बाळ हाताला हलकं लागतं, पण त्या मानाने चरबी राखून असतं. नंदुरबारच्या आदिवासी भागातलं, धडगाव-अक्कलकुव्याचं कुपोषण आणि जळगावच्या दवाखान्यातली साखर या दोन वेगळ्या बातम्या वाटतात, पण त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

किती उतरतं आणि किती टिकतं

भाकरीची बाजू म्हणजे खाणं सुधारणं आणि चालणं. हिचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत मधुमेही लोकांवर झाला. हाताला धरून शिकवणारी माणसं होती, तरी पहिल्या वर्षी 8.6 टक्के उतरलं आणि आठव्या वर्षी 4.7 टक्के टिकलं. दादांच्या हिशेबाने आधी नऊ किलो, शेवटी पाच. ऐकून लोकांचं तोंड पडतं. पण भारतातलाच 2006 चा अभ्यास बघा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी खाणं आणि चालणं सुधारलं, वजन फारसं घटलं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. फायदा काट्यावर दिसेलच असं नाही.

सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन 68 आठवडे घेतलेल्यांचं सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, औषध नसलेली पाण्याची सुई घेतलेल्यांचं 2.4. टिर्झेपटाइड या तशाच दुसऱ्या औषधाच्या सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के. हे आकडे मधुमेह नसलेल्यांचे आहेत. मधुमेह असेल तर उतार कमी पडतो, सेमाग्लुटाइडवर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, टिर्झेपटाइडवर पंधराच्या आसपास. जाहिरातीतला 21 चा आकडा दादांनी स्वतःला लावून घेतला होता. त्यांना तो लागू नाही, वहिनींना आहे.

ऑपरेशनमध्ये स्लीव्ह म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढणं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ढोबळ मानाने चतुर्थांश ते तीस टक्के वजन जातं. दादांचे 104 म्हणजे 73 ते 78 वर. स्वीडनमध्ये 1987 पासून ऑपरेशन झालेल्यांच्या मागावर राहिलेल्या अभ्यासात वीस वर्षांनीही सरासरी 18 टक्के उतार टिकला होता, आणि ऑपरेशनवाले न केलेल्यांपेक्षा कमी दगावले. साखरेवर बायपासचा परिणाम तर वजन उतरायच्या आधीच दिसायला लागतो.

मला स्वतःला निर्णायक वाटतो तो पुढचा मुद्दा. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं एका वर्षात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तसंच हे. "लग्नापुरतं घेतो, मग सोडतो" म्हणणाऱ्याला मी आता तोंडावर सांगतो, पैसे सोन्यात घाल.

काउंटरवरून दिसतं ते

मौन्जारो, म्हणजे टिर्झेपटाइडच, मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा आठवड्याची बाटली 2.5 मिलिग्रॅमची 3,500 आणि 5 ची 4,375 रुपयांना होती. म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 ची, म्हणजे पुढे देशी कंपन्यांना रान मोकळं. भाव हलत राहणार, म्हणून आजचा भाव इथे छापत नाही. पण विचारताना सुरुवातीच्या डोसचा विचारू नका. सेमाग्लुटाइड 0.25 पासून 2.4 पर्यंत साधारण चार महिन्यांत चढवतात. जिथे थांबायचंय त्या डोसचा महिन्याचा भाव विचारा आणि बाराने गुणा.

दुसरी गोष्ट मोठ्या शहरातल्या लेखांत सापडत नाही. ही औषधं फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची. मौन्जारो बाहेर राहिलं तर 30 अंशांच्या आत जास्तीत जास्त 21 दिवस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 30 अंश कुठे असतात? पहाटे, तेही नशीब असेल तर. 44-45 च्या उन्हात डिकीत बाटली ठेवून चोपड्याला गेलात की औषध गेलं समजा. गावाकडे लाइट जाते तिथे फ्रिजचाही भरवसा नाही. बर्फाची पिशवी मागून घ्या, बाटली थेट बर्फावर टेकवू नका, गोठलं तरी वाया जातं.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ या तक्रारी बहुतेक डोस चढवताना येतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात मेड्युलरी थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल तर ही सुई नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद. आणि उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, म्हणून डाळ, अंडी, मटकी आणि थोडा वजन उचलण्याचा व्यायाम लागतोच.

ऑपरेशनच्या माणसाला मी आयुष्यभराचं गिऱ्हाईक धरतो. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुटत नाही. पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग वाटीभर जेवण. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका कमी आहे, पण "अनुभवी" हा शब्द दोनदा वाचा. त्यासाठी आपण नाशिक, पुणे, मुंबई नाहीतर इंदूर गाठतो, आणि नंतरच्या तपासण्यांनाही तिकडेच जावं लागतं. एक जण ऑपरेशननंतर वर्षभर फिरकलाच नाही. मग हातापायाला मुंग्या घेऊन आला तेव्हा बी-12 तळाला गेलं होतं.

विम्याचंही नीट वाचा. आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय 27.5 पासून ऑपरेशनचा विचार करा म्हटलं. विमा नियामकाच्या अटीत मात्र 40, किंवा 35 सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेतला गंभीर श्वासरोध असं काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले हवेत. दादा यात बसतात. वहिनी बसत नाहीत, त्यांना लाखांतला खर्च खिशातून करावा लागेल.

ताटाचं काय

सल्ला देणारे पहिला वार भाकरीवर करतात, त्याचा मला राग येतो. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, पातळ डाळ, यात जाडी नाही. शेवभाजीवर तरंगणारं बोटभर तेल, तुपात बुडवलेली बट्टी आणि "अजून एक घ्या" म्हणणारा यजमान, तिथे हिशेब चुकतो. हिवाळ्यातली शेतातली भरीत पार्टी सोडा असं मी सांगणार नाही, पण पुऱ्यांऐवजी भाकरी मागा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे आणि आमरस खा, पण आखाजी महिनाभर चालवू नका.

इंजेक्शन घेणाऱ्याला पंगतीत दोन घासांत भरतं आणि यजमान रुसतो. ऑपरेशनवाला पंगतीत सावकाश चावत बसतो. भाकरीच्या वाटेवरच्याची भूक मात्र जागीच असते आणि त्याला रोज नाही म्हणावं लागतं. सगळ्यात स्वस्त वाट ती, आणि माझ्या मते मनाला सगळ्यात महाग.

दादांनी नाशिकला दाखवलं. झोपेची तपासणी झाली, विम्याचे कागद लागलेत, बहुधा बायपास होईल. तोवर संध्याकाळचा फरसाण बंद, हे वहिनींनी परस्पर ठरवून टाकलं. वहिनींसाठी डॉक्टरांनी आधी सहा महिने चालणं आणि तेल मोजून वापरणं सांगितलं होतं. चार किलो उतरलं, गुडघे तेच राहिले, म्हणून इंजेक्शनची चिठ्ठी मिळाली. पैशाचं त्यांनी पाच वर्षांचं गणित मांडून बघितलं, शिक्षिकाच त्या. चिठ्ठी पर्समध्ये आहे. पहिली बाटली कधी काढू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मे जाऊ दे भाऊ, पाऊस पडला की येते."